'अशुद्ध' भाषेचे हसू : स्कॉट्स बोली आणि ब्रिटिश दैनंदिन विनोदाचा इतिहास

गोषवारा

स्कॉटलंडमधील बोलभाषेचा उल्लेख आज अनेकदा 'स्लँग' म्हणजे अपभाषा असा केला जातो आणि ब्रिटिश विनोदात तिला हमखास हशा मिळवून देणारे स्थान आहे. हीच भाषा एके काळी राजदरबाराची, कायद्याची व महाकाव्याची भाषा होती. भाषेच्या या अवनतीची प्रक्रिया आणि विनोदाने त्या प्रक्रियेत बजावलेली दुहेरी भूमिका यांचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. विनोदाने स्कॉट्स भाषेला आश्रय दिला. परंतु त्या आश्रयाची किंमतही तिला मोजावी लागली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : स्कॉट्स भाषा, अपभाषा, प्रमाणभाषा, ब्रिटिश विनोद, ग्लासगो, भाषिक प्रतिष्ठा.

१. प्रस्तावना

एखादा शब्द 'अशुद्ध' आहे असे म्हटले की तो व्याकरणाचा निवाडा वाटतो. इतिहासात मात्र असा निवाडा बहुधा सत्तेच्या बाजूने दिलेला आढळतो. ज्यांच्या हाती राज्य, शाळा व छापखाना, त्यांची भाषा शुद्ध ठरते. इतरांची भाषा गावंढळ ठरते आणि पुढे हास्यास्पदही होते. स्कॉटलंडचे उदाहरण यादृष्टीने विशेष उद्बोधक आहे. तेथील समाज जिंकलेला नव्हता, निर्धन व निरक्षर म्हणून दुर्लक्षिलेलाही नव्हता. अठराव्या शतकात तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र व वैद्यक या क्षेत्रांत युरोपला दिशा देणाऱ्या विद्वानांनीच आपल्या मातृभाषेची लाज बाळगली, हा या इतिहासातील मोठा विरोधाभास होय.

प्रारंभी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. स्कॉटलंडमध्ये इंग्रजीखेरीज दोन ऐतिहासिक भाषा आहेत. गेलिक ही केल्टिक कुळातील भाषा असून तिचा संबंध आयरिश भाषेशी आहे. स्कॉट्स ही जर्मानिक कुळातील असून ती उत्तरेकडील जुन्या अँग्लो-सॅक्सन बोलीतून विकसित झाली. म्हणजे ती इंग्रजीची बहीण आहे. हे जवळचे नातेच तिला बाधक ठरले. गेलिकला कोणी 'बिघडलेली इंग्रजी' म्हणू शकत नव्हते. स्कॉट्सला मात्र तसे म्हणणे सोपे गेले.

२. राजभाषा ते बोली

जॉन बार्बर याने सुमारे १३७५ मध्ये रॉबर्ट ब्रूस राजाच्या पराक्रमावर रचलेले 'द ब्रूस' हे दीर्घकाव्य या भाषेतील आरंभीची मोठी साहित्यकृती होय. पंधराव्या शतकापासून स्कॉटलंडच्या संसदेचे कायदे याच भाषेत लिहिले जाऊ लागले. गॅव्हिन डग्लस याने १५१३ मध्ये व्हर्जिलच्या 'इनीड' या लॅटिन महाकाव्याचे भाषांतर पूर्ण केले आणि आपली भाषा इंग्रजीहून वेगळी असल्याचे आवर्जून नोंदवले.

याच काळातील 'फ्लायटिंग' हा काव्यप्रकार विनोदाच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटेल. दोन कवींनी परस्परांना छंदोबद्ध शिव्या द्याव्यात, वंश, रूप, बोली, चारित्र्य यांपैकी काहीही सोडू नये आणि ऐकणाऱ्यांनी शब्दसामर्थ्याचा निवाडा करावा, असा हा सामना असे. विल्यम डनबार व वॉल्टर केनेडी यांची सुमारे १५०० मधील जुगलबंदी चौथ्या जेम्स राजाच्या दरबाराशी निगडित आहे. शिवराळ भाषा ही केवळ रस्त्यावरची वस्तू नव्हती, दरबारातही तिला कलेचा दर्जा होता, हे त्यावरून ध्यानात येते. डनबारने केनेडीच्या गेलिक वळणाची टर उडवली आहे, हेही नोंदवण्याजोगे आहे. पुढे स्कॉट्सच्या वाट्याला जो उपहास आला, तो त्या काळी स्कॉट्स कवी दुसऱ्यावर करीत होता.

भाषेच्या पीछेहाटीस तीन घटना कारणीभूत झाल्या. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर चर्चमध्ये इंग्रजी बायबल वापरात आले; स्कॉट्समधील संपूर्ण बायबल त्या वेळी छापले गेले नाही. परिणामी ईश्वराची भाषा इंग्रजी झाली. १६०३ मध्ये सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला व दरबार लंडनला गेला. १७०७ च्या विलीनीकरणाने एडिंबरोची संसदही संपुष्टात आली. धर्मपीठ, दरबार आणि संसद हे तीन आधार गेल्यावर भाषेला घर, बाजार आणि शेत एवढेच क्षेत्र उरले.

३. 'स्कॉटिसिझम'ची धास्ती

अठराव्या शतकातील एडिंबरोचे विद्वान लंडनच्या वाचकांसाठी लिहीत होते. आपल्या गद्यात एखादा 'स्कॉटिसिझम', म्हणजे स्कॉटिश वळणाचा प्रयोग, राहून जाईल ही धास्ती त्यांना सतत असे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७५२ मध्ये अशा त्याज्य प्रयोगांची यादीच प्रसिद्ध केली. जेम्स बीटी याने १७७९ मध्ये आणखी एक यादी तयार केली. ह्यूमने दोषास्पद मानलेले 'प्रोव्हन' हे रूप आज जगभरच्या इंग्रजीत निःशंकपणे वापरले जाते. मृत्युशय्येवरील ह्यूमने आपल्या पापांची नव्हे, तर स्कॉटिसिझमची कबुली दिली, अशी कोटी त्या काळी प्रचलित होती. स्वतः ह्यूम बोलताना ठळक स्कॉटिश उच्चारच करीत असे.

१७६१ मध्ये टॉमस शेरिडन या नटाने एडिंबरोत शुद्ध इंग्रजी बोलण्याविषयी व्याख्याने दिली आणि शहरातील प्रतिष्ठितांनी ती गर्दी करून ऐकली. शेरिडन स्वतः आयरिश होता. स्कॉटिश विद्वानांना इंग्रजांसारखे बोलण्यास एका आयरिश नटाने शिकवावे, या प्रसंगावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

लंडनच्या बाजूने या संबंधाचे प्रतिनिधित्व सॅम्युअल जॉन्सन याने केले. १७५५ च्या आपल्या शब्दकोशात 'ओट' या धान्याची व्याख्या करताना, हे धान्य इंग्लंडमध्ये घोड्यांना घालतात, स्कॉटलंडमध्ये मात्र त्यावर माणसे जगतात, असा चिमटा त्याने काढला. त्यावर, म्हणूनच इंग्लंडचे घोडे आणि स्कॉटलंडची माणसे नामांकित आहेत, असे उत्तर स्कॉटिश बाजूने दिले गेल्याची आख्यायिका आहे. १७६३ च्या पहिल्या भेटीत जेम्स बॉझवेल याने, आपण स्कॉटलंडचे आहोत खरे, पण त्याला आपला इलाज नाही, अशी ओशाळवाणी सफाई दिली. जॉन्सनने तत्काळ सुनावले की, या बाबतीत त्याच्या पुष्कळ देशबांधवांचा इलाज चालत नाही. या संवादात ब्रिटिश दैनंदिन विनोदाची दोन्ही अंगे एकत्र दिसतात. एकाने स्वतःलाच कमी लेखून समोरच्याचा वार आधी झेलायचा आणि दुसऱ्याने शांत चेहऱ्याने तो वार करायचाच. ज्या कोशात स्कॉटलंडची थट्टा झाली, त्या कोशाच्या कामावरील सहा लेखनिकांपैकी पाच स्कॉटिश होते. त्याच बॉझवेलने पुढे १७९१ मध्ये लिहिलेल्या चरित्रामुळे जॉन्सनचा हजरजबाबीपणा अजरामर झाला.

४. न्यायासन, नांगर आणि कादंबरी

स्कॉट्स विनोद हा नेहमी दुर्बलांच्या बाजूचा होता असे मानल्यास ते इतिहासाला धरून होणार नाही. लॉर्ड ब्रॅक्सफील्ड हा न्यायाधीश अठराव्या शतकाच्या अखेरीस न्यायासनावरून ठसठशीत स्कॉट्समध्ये बोलत असे. १७९४ मध्ये जोसेफ जेराल्ड या राजकीय सुधारकाने आपल्या बचावात, येशू ख्रिस्तदेखील सुधारकच होता, असे म्हटले. त्यावर न्यायमूर्ती हळूच पुटपुटले की, त्यातून त्याने फार काय मिळवले, शेवटी तो लटकलाच. सहकाऱ्यांत हशा पिकला असेल. जेराल्डला मात्र १४ वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली आणि १७९६ मध्ये सिडनी येथे त्याचा मृत्यू झाला. विनोद कोणाच्या मुखातून आणि कोणत्या आसनावरून येतो, यावर त्याचा अर्थ ठरतो.

याच काळात रॉबर्ट बर्न्स याने स्कॉट्सला पुन्हा साहित्यिक प्रतिष्ठा मिळवून दिली. १७८६ मध्ये किलमार्नक येथे त्याचा पहिला संग्रह निघाला. त्याच्या ६१२ प्रती छापल्या होत्या. शीर्षकातच कविता 'मुख्यतः स्कॉटिश बोलीतील' असल्याचे म्हटले होते आणि शेवटी शब्दार्थांची यादी जोडली होती. भाषेला 'बोली' म्हणणे आणि स्वदेशातील वाचकांसाठीही शब्दार्थ देणे, या दोन्ही गोष्टी तिच्या बदललेल्या स्थानाच्या द्योतक आहेत. बर्न्स सफाईदार इंग्रजी लिहू शकत होता. ढोंगी धर्मनिष्ठांची रेवडी उडवताना त्याने स्कॉट्स निवडली. 'होली विलीज प्रेअर' ही त्याची सर्वांत जहाल उपरोधिका या संग्रहात समाविष्ट नव्हती. बोलीतील सौम्य विनोद मुद्रणयोग्य आणि बोचरा विनोद हस्तलिखितात, अशी ही विभागणी होती.

वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांनी ('वेव्हर्ली', १८१४ पासून पुढे) दुसरी विभागणी रूढ केली. निवेदक इंग्रजीत बोलतो; नोकर, भिकारी, वृद्ध स्त्रिया व विक्षिप्त पात्रे स्कॉट्समध्ये. १८१८ मधील 'द हार्ट ऑफ मिडलोथियन'ची नायिका जीनी डीन्स हा सन्माननीय अपवाद होय. ती साध्या स्कॉट्समध्ये राणीपुढे आपल्या बहिणीच्या प्राणांसाठी रदबदली करते आणि तेथे कोणालाही हसू येत नाही. परंतु पुढील लेखकांनी अनुकरण केले ते अपवादाचे नव्हे, नियमाचे.

५. साम्राज्यातील स्कॉट आणि शब्दसंग्रह

मातृभाषेच्या बाबतीत संकोची असलेल्या या समाजाने परक्या भाषांच्या नोंदी मात्र आस्थेने केल्या आणि त्याचा लाभ मराठीलाही झाला. व्हॅन्स केनेडी याचा मराठी शब्दकोश १८२४ मध्ये निघाला. जॉन स्टीव्हन्सन याने १८३३ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ मधील दुसऱ्या आवृत्तीस जॉन विल्सन याने मराठीची घटना व प्रसार यांविषयीचे विवेचन जोडले. हे तिघेही स्कॉटिश होते. इंग्रजांच्या हिंदुस्थानातील बोलण्यात रुळलेल्या देशी शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा विख्यात कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्थर बर्नेल याच्यासह तो सिद्ध करणारा हेन्री यूल एडिंबरोजवळच्या इन्व्हरेस्क येथे जन्मला होता. ज्या मिश्र, हलक्याफुलक्या बोलण्याला शिष्ट लोक अपभाषा म्हणत, त्यात इतिहास साठलेला असतो, ही जाणीव या कोशामागे आहे. स्वदेशात हीच जाणीव जॉन जेमिसन याने १८०८ च्या स्कॉट्स व्युत्पत्तिकोशात प्रकट केली होती.

६. शाळा आणि चामडी पट्टा

१८७२ च्या शिक्षणकायद्याने ५ ते १३ वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे केले. त्यात स्कॉट्सवर बंदी घालणारे कलम नव्हते. तशी गरजही नव्हती. शाळेची भाषा इंग्रजी हे गृहीतच होते. घरी शिकलेला शब्द वर्गात उच्चारणाऱ्या मुलाला 'नीट बोल' असे बजावले जाई आणि अनेकदा 'टॉज' नावाच्या चामडी पट्ट्याचा मार हातावर बसे. सरकारी शाळांतील शारीरिक शिक्षा १९८७ मध्ये बंद झाली. १९४६ च्या प्राथमिक शिक्षणविषयक अधिकृत अहवालातही स्कॉट्स ही सुशिक्षितांची भाषा नव्हे आणि शिक्षणाचे वा संस्कृतीचे माध्यम होण्यास ती योग्य नाही, असे मत नोंदवले होते.

याचा परिणाम मुलांच्या द्वैभाषिक वर्तनात दिसतो. वर्गात एक भाषा, मैदानावर दुसरी. मैदानावरची भाषा थट्टेची, चिडवण्याची, जिव्हाळ्याची होती. आईची भाषा आणि चेष्टेची भाषा एकच झाली. गंभीर बोलणे म्हणजे परक्या भाषेत बोलणे, असे समीकरण मनात रुजले. पुढील काळात स्कॉट्स आणि विनोद यांची जी सांगड दिसते, तिचे मूळ या वर्गखोलीत आहे.

७. रंगमंचावरचा कंजूष

इंग्लंडमधील विनोदाने स्कॉटला एक ठरावीक सोंग दिले. एडिंबरोत काही वर्षे राहिलेला सिडनी स्मिथ हा विनोदी लेखक म्हणे की, स्कॉट माणसाच्या डोक्यात विनोद शिरवायचा तर शस्त्रक्रियाच करावी लागेल. 'पंच' नियतकालिकाने १८६८ मध्ये लंडनला जाऊन आलेला आणि सहा पेनी खर्च झाल्याबद्दल हळहळणारा स्कॉट चित्रित केला. कंजूषपणाची ती मोहोर पुढे पुसली गेली नाही. नट-गायक हॅरी लॉडर (१८७०-१९५०) याने किल्ट, वाकडी काठी आणि चिकटपणाचे विनोद यांवर जागतिक कीर्ती मिळवली. १९१९ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला. किल्ट हा गेलिक डोंगराळ प्रदेशाचा पोशाख आणि लॉडर सखल प्रदेशातला. पण प्रेक्षकांना तो भेद जाणून घ्यायचा नव्हता. ह्यू मॅकडायर्मिड याने १९२६ च्या 'अ ड्रंक मॅन लुक्स अॅट द थिसल' या काव्यात स्कॉट्सला तत्त्वचिंतनाची भाषा केले. लॉडरच्या सोंगाविषयी त्याला वाटणारी चीड या पार्श्वभूमीवर समजून घेतली पाहिजे.

उच्चारावरून माणसाची प्रत ठरवण्याची सवय ही एकंदर ब्रिटिश विनोदाचीच पार्श्वभूमी आहे. १९१४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'ने तीच उघडी पाडली. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' (१९७५) या रूपांतरामुळे मराठी प्रेक्षकाला ती समस्या परकी राहिलेली नाही.

८. ग्लासगोचे 'पॅटर'

१८०१ मध्ये ग्लासगोची लोकसंख्या सुमारे ७७ हजार होती. १९०१ मध्ये ती साडेसात लाखांवर गेली. गेलिकभाषक डोंगराळ प्रदेशातून आणि आयर्लंडमधून आलेले मजूर एकाच जिन्याच्या चाळवजा इमारतींत राहू लागले. या दाटीतून शहराची स्वतंत्र बोली आणि 'पॅटर' नावाची झटपट, चुरचुरीत बोलण्याची कला घडली. तिचा शब्दसंग्रह पाहिला तर जुनी स्कॉट्स आणि नवे नागर जीवन यांचा सांधा दिसतो. 'ग्लेकिट' म्हणजे मठ्ठ, 'क्रॅबिट' म्हणजे चिडका, 'ड्रीख' म्हणजे मळभलेली, जीव उदास करणारी हवा, 'स्कनर्ड' म्हणजे विटलेला. बाजारहाटाला 'मेसेजेस' म्हणतात. 'गॅलस' या शब्दाचा प्रवास तर एक लघु-इतिहासच आहे. मूळ अर्थ 'फासावर देण्याच्या लायकीचा'. पुढे 'बेडर, उद्धट'. आणि ग्लासगोत तो 'झकास' या अर्थाने कौतुकाचा शब्द झाला. न्यायाधीशाची शिवी रस्त्याने पदवी म्हणून स्वीकारली.

या विनोदाच्या दोन लकबी लक्षणीय आहेत. पहिली न्यूनोक्ती. उत्तम गोष्टीला 'वाईट नाही' एवढेच म्हणायचे. ही लकब इंग्लंडमध्येही आहे. दुसरी समतेची. कोणी मोठेपणा मिरवू लागला तर 'याच्या बापाला मी ओळखत होतो' अशा अर्थाचे एकच वाक्य त्याला जमिनीवर आणते. 'आय, राइट' या दोन होकारार्थी शब्दांतून ठाम नकार व्यक्त होतो. या समतावृत्तीची दुसरी बाजूही आहे. डोके वर काढणाऱ्याला, मग तो केवळ गुणवान का असेना, तेच वाक्य खाली खेचते.

शब्दांवाचूनही हा विनोद प्रकट होतो. ग्लासगोत ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा १८४४ मधील अश्वारूढ पुतळा आहे. १८०३ मध्ये असईच्या लढाईत मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. १९८० च्या दशकापासून अज्ञात नागरिक त्याच्या डोक्यावर वाहतुकीचा शंकू चढवीत आले आहेत. २०१३ मध्ये ६५ हजार पौंडांच्या दुरुस्ती योजनेत चौथरा उंच करण्याचा विचार नगरपालिकेने मांडला. नागरिकांच्या विरोधापुढे तो मागे घ्यावा लागला.

दूरचित्रवाणीच्या काळात या बोलीने स्वतःच्या अटींवर हसवण्यास आरंभ केला. स्टॅनली बॅक्स्टरच्या 'पार्लियामो ग्लासगो' या प्रहसनात ग्लासगोची बोली जणू परदेशी भाषा म्हणून गंभीर आवाजात शिकवली जाई. हसू बोलीपेक्षा तिला न समजणाऱ्या पंडितावर येई. क्लाइडकाठी जहाजबांधणीत वेल्डर असलेल्या बिली कॉनली याने १९७५ मध्ये बीबीसीवरील पार्किन्सनच्या मुलाखतीपासून देशभर नाव मिळवले. त्याने आपला उच्चार बदलला नाही. तो समजून घेण्याची जबाबदारी प्रेक्षकांवर टाकली. लॉडर आणि कॉनली यांच्यातील अंतर ते हेच.

९. हशापलीकडे

विनोदात स्वीकारलेली भाषा गांभीर्याने बोलू लागली की काय होते, याची कसोटी लवकरच लागली. टॉम लेनर्ड (१९४४-२०१८) याने १९६९ पासून ग्लासगोच्या उच्चारांनुसार कविता लिहून, बातम्यांतील 'सत्य' प्रमाण उच्चारातच का सांगावे लागते, हा प्रश्न विचारला. जेम्स केलमन याच्या 'हाऊ लेट इट वॉज, हाऊ लेट' या कादंबरीस १९९४ चे बुकर पारितोषिक मिळाले तेव्हा परीक्षकांपैकीच एकाने जाहीर नापसंती दर्शवली. ज्या शिव्यांवर प्रेक्षागृहे खदखदून हसत होती, त्याच शिव्या एका आंधळ्या, परिस्थितीने पिचलेल्या माणसाच्या मनोगतात आल्या तेव्हा त्या असह्य ठरल्या.

शासकीय पातळीवर बदल झाले आहेत. १९९९ मध्ये एडिंबरोत संसद पुन्हा सुरू झाली. २००१ मध्ये युरोपीय भाषासनदेखाली ब्रिटनने स्कॉट्सला मान्यता दिली. २०११ व २०२२ च्या जनगणनांत प्रत्येकी १५ लाखांहून अधिक लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असे नोंदवले. २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने गेलिक व स्कॉट्स यांना अधिकृत दर्जा दिला. तरीही २०२० मध्ये उघड झालेला एक प्रकार विचार करावयास लावतो. स्कॉट्स विकिपीडियातील हजारो लेख भाषा न येणाऱ्या एका स्वयंसेवकाने इंग्रजी शब्दांची मोडतोड करून लिहिले होते आणि अनेक वर्षे ते कोणालाही फारसे खटकले नाही. 'गमतीदार स्पेलिंगची इंग्रजी म्हणजे स्कॉट्स' हा समज किती खोल गेला होता, याचे हे प्रमाण होय.

१०. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की स्कॉट्सची 'अपभाषा' ही ओळख भाषेच्या अंगभूत उणिवेतून निर्माण झालेली नाही. धर्म, दरबार, संसद व शाळा या संस्था क्रमाने तिच्यापासून दुरावल्या आणि उरलेल्या जागेत विनोदाने तिला सांभाळले. घराघरांतील थट्टा, कारखान्यातील 'पॅटर' आणि रंगमंच यांच्यावाचून तिचे कितीतरी शब्द केवळ कोशात उरले असते. परंतु जी भाषा फक्त हसण्यासाठी उघडली जाते, तिच्यात दुःख, तक्रार आणि विचार मांडणाऱ्याचे बोलणे ऐकले जात नाही. ब्रॅक्सफील्डचा न्यायासनावरील शेरा, लॉडरचे सोंग, कॉनलीचे कथन आणि लेनर्डची कविता यांत शब्द पुष्कळदा एकाच कुळातले आहेत. प्रत्येक वेळी कोण कोणाला हसते आहे, हे मात्र वेगळे आहे.

भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा इतिहास अंतर्मुख करणारा आहे. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याच्या घरच्या शब्दावर हशा पिकतो, तेव्हा तो शब्द दुरुस्त होत नाही. तो वर्गाबाहेर जातो, आणि पुष्कळदा त्याच्याबरोबर त्या विद्यार्थ्याचे बोलणेही.